खोटी शिवराई

आमच्या देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. आजी सांगायची, ही थेट महाराजांच्या वेळची. दर दसऱ्याला ती चिंचेनं घासून लख्ख करायची. (जुनं नाणं घासलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. पण हे आजीला कोण सांगणार?)

तर मागच्या वर्षी हिला एक जोडीदार आणावा असं माझ्या मनात आलं. ऑनलाइन शोधलं. 'राज्याभिषेक शिवराई, १६७४, १०० टक्के अस्सल', किंमत ३,२०० रुपये. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. एकही अक्षर कापलेलं नाही! मी भुललो तो त्यालाच.

आता कळतं की पहिली शंका तिथेच यायला हवी होती. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, त्या सुमारास महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. पाडली म्हणजे अक्षरशः हातोड्यानं. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे तांब्याचा तुकडा, आणि घाव. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे कुठे 'श्री' अर्धी, कुठे ठिपके बाहेर. ठसे हातानं कोरलेले, म्हणून अक्षरांची वळणंही निरनिराळी. गोल गरगरीत, मधोमध बसलेली, सगळी अक्षरं असलेली शिवराई असूच शकत नाही असं नाही, पण अशी दहा नाणी एकाच विक्रेत्याकडे? माझ्या नाण्यावर 'रा'च्या काण्याशेजारी एक ओरखडा होता. तोच ओरखडा, त्याच जागी, दुसऱ्या जाहिरातीतल्या नाण्यावर. मग तिसऱ्या. एका साच्यातून ओतलेली भावंडं ती! कडेला भिंग लावलं तर बारीक शिवण दिसली, आणि अक्षरांच्या मधे ओतकामात राहतात तसे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. हिरवट गंजसुद्धा नखानं निघाला.

विक्रेत्याला वजन विचारलं, कडेचा फोटो मागितला. उत्तर नाही. हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं... असो.

हे प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो, आणि ऑक्झिंडेन भेटला. कंपनीचा हा वकील राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर होता. मुंबईत पाडलेली नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, असं एक कलम इंग्रजांना तहात हवं होतं. महाराजांचं म्हणणं असं पडलं की चालायला मनाई नाही, पण रयतेचा तोटा होईल असं नाणं घ्या म्हणून सक्ती करणार नाही. वजनात आणि कसात इतरांच्या बरोबरीचं असेल तर चालेल. आणि आपण? महाराजांचं नाव दिसलं की वजनसुद्धा विचारत नाही. विकणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक आहे. महाराजांच्या काळच्या शिवराईवर सन नसतो, त्यांचं चित्र नसतं (चित्र आलं ते भारत सरकारच्या १९९९ च्या दोन रुपयांवर), तरी 'चित्रवाली शिवराई' विकली जातेच.

तीच गत '१८१८ चा अर्धा आणा' म्हणून मिळणाऱ्या राम-सीता आणि हनुमानवाल्या नाण्यांची. पेशवाई बुडाली ते साल, इंग्रजीत कंपनीचं नाव, वर देव. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. पण त्यांना 'चमत्कारी' म्हणत लाखांत भाव सांगतात. उलट फसवणूकही आहे: तुमचं जुनं नाणं लाखांत घेतो, आधी फी भरा. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जातं म्हणून बँकेला २०२१ मध्ये जाहीर खुलासा करावा लागला. आणि 'शेतात नांगरताना सापडलं' असं लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे जावं. बहुतेकदा ती थाप असते. थाप नसेल तर पंचाईत आणखी मोठी, कारण १८७८ च्या कायद्यानं असं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

हे सगळं शिकल्यावर एक दिवस मी नको ते केलं. देव्हाऱ्यातली शिवराई रविवार पेठेतल्या ओळखीच्या सराफाकडे नेली. हात थोडे थरथरत होते, खरं सांगतो. काट्यावर नऊ ग्रॅम भरली. महाराजांच्या काळची साधारण अकरा ते तेरा भरते. भिंगाखाली अक्षरांच्या मधे दोन आडव्या समांतर रेघा दिसल्या. दुदांडी! म्हणजे उत्तर पेशवाईतली, कदाचित १८१८ नंतरचीही. शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकातही चालतच होती ना.

नाणं अस्सल. गोष्ट मात्र खरी नाही. आजीनं कुणाला फसवलं नव्हतं, तिला जे सांगितलं तेच ती सांगत आली. पण हीच गोष्ट जाहिरातीत लिहून मी ते विकायला काढलं असतं, तर माझ्यात आणि त्या विक्रेत्यात फरक काय राहिला असता?

घरी आलो तर आईनं विचारलं, "काय म्हणाला रे सराफ?"

"अस्सल आहे म्हणाला."

तिनं ती हळदकुंकू लावून जागेवर ठेवली. यंदाच्या दसऱ्याला माझी मुलगी विचारेल, ही कुणाच्या वेळची? काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.