युद्धजन्य मानसिक आघात : दोष सैनिकाचा की परिस्थितीचा?

प्रस्तावना : एकाच खंदकात, एकाच तोफमाऱ्याखाली लढलेल्या सैनिकांपैकी काहीच मनाने का खचतात, हा प्रश्न पहिल्या महायुद्धाने वैद्यकशास्त्रापुढे ठळकपणे उभा केला.

विवेचन : ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातील लेखात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली. स्फोटाच्या हादऱ्याने मज्जासंस्थेस इजा होते, अशी प्रारंभीची धारणा होती. परंतु स्फोटापासून दूर असलेल्यांतही तीच लक्षणे आढळली. तेव्हा कारण सैनिकाच्या दुर्बल स्वभावात शोधले जाऊ लागले. या दृष्टीची किंमत जबर होती. पलायन, भेकडपणा इत्यादी आरोपांवरून देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांत शेल शॉकवर उपचार घेतलेलेही होते. वस्तुतः १९२२ च्या साउदबरो समितीच्या अहवालानेच प्रशिक्षण, नेतृत्व व पथकाचे मनोधैर्य यांचे महत्त्व नोंदविले होते.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेने 'आघातोत्तर तणाव विकार' अधिकृतपणे मान्य केला. ब्रेविन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पूर्वीचा मनोविकार, बालपणीचा छळ हे घटक आढळले. तथापि आघाताची तीव्रता, नंतरचे ताण आणि सामाजिक आधाराचा अभाव यांचा प्रभाव त्यांहून अधिक दिसला.

निष्कर्ष : कोण खचेल हे केवळ उपजत धैर्यावर ठरत नाही, घटनेनंतर लाभणाऱ्या आधारावरही ते अवलंबून असते. पीडितास भेकड ठरविणारी व्यवस्था हाच आधार काढून घेते.