एका पंगतीतली पोरं

आबांच्या बोर्डिंगच्या गोष्टीत भाकरी आणि आमटी यापलीकडे पदार्थ नसायचा, तरी आम्हा नातवंडांचं पोट त्या गोष्टीनं भरायचं. आबा म्हणजे माझे आजोबा, कोरेगाव तालुक्यातल्या शेतकरी मराठा घरातले. तीसच्या दशकात ते साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या छत्रपती शाहू बोर्डिंगात शिकायला राहिले. जेवायला बसताना त्यांच्या एका हाताला मातंगाचा मुलगा असे, दुसऱ्या हाताला मुसलमानाचा. दळण, पाणी, स्वयंपाक सगळं पोरंच पाळीनं करत. "पीठ कुणी मळलं हे विचारायचं न्हाई, मीठ जास्त झालं तर मात्र बोलायचं," आबा सांगत.

भाऊरावांना ही पोरं अण्णा म्हणत. सत्यशोधक विचारांच्या या माणसानं 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं हे वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. अण्णांची स्वतःची एक हकिकत पोरांना पाठ होती. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर शुद्ध होण्यासाठी आंघोळ करायला सांगितली, ती त्यांनी केली नाही. त्यापायी बोर्डिंग सोडावं लागलं. आबा बोर्डिंगात आले तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनी हयात नव्हत्या, 1930 मध्येच वारल्या होत्या. पण मुलांच्या धान्यासाठी त्यांनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळे.

याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात चढलं होतं. आता ते प्रतापसिंह हायस्कूल आहे. त्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, आणि शिपायानं वरून ओतल्याशिवाय पाणी पिता येत नसे. शाळेचं ते पाणी आणि बोर्डिंगातली ती पंगत यांच्यामध्ये जेमतेम चोवीस वर्षं आहेत. साताऱ्याच्या इतिहासात यापेक्षा मोठी झेप मला दिसत नाही, आणि गडकिल्ल्यांचा मान राखूनच मी हे म्हणते.

पण बोर्डिंगात एकत्र जेवणं हा सोपा भाग होता, असं आबाच म्हणायचे. तिथं अण्णांचा आधार होता. अवघड व्हायचं सुट्टीत. पहिल्या दिवाळीला आबा गावी आले, तर त्यांच्या आईनं उंबऱ्याबाहेरच थांबवून गोमूत्र शिंपडलं आणि ताट पडवीत मांडलं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "खरं सांग, कुणाच्या हातचं खाल्लंस?" खोटं सांगून सुटता आलं असतं. आबांनी पोरांची नावं जातीसकट घेतली आणि पडवीतच जेवले. सगळी दिवाळी पडवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची आई आपलं ताट घेऊन पडवीत येऊन बसली. भावकीला तिनं काय उत्तर दिलं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

ही आबांच्या बाजूची गोष्ट. शेजारी बसणारा तो मातंगाचा मुलगा सुट्टीत आपल्या वस्तीवर जाई, तेव्हा त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत होतं का? आमच्या घरात त्याचं नाव राहिलं, त्याची गोष्ट पोचली नाही. पाणवठे तर पुढं कितीतरी वर्षं वेगळेच राहिले; म्हणून तर 1972 मध्ये बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली.

माझं आजोळ सांगलीकडं, वाळवा तालुक्यात. तिथून जवळच्या कासेगावात गेल ऑमव्हेट राहायच्या. अमेरिकेत जन्मलेल्या, बर्कलेला शिकत असताना तिथल्या विद्यार्थी चळवळीत वावरलेल्या या बाईंनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि त्या इथल्याच झाल्या. ऑगस्ट 2021 मध्ये त्या गेल्या तेव्हा थोरल्या मावशीनं मला विचारलं, "त्यांच्या मुलखात बी शिवाशिव हुती म्हणं?" मी तिला अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावाची गोष्ट सांगितली. 1 फेब्रुवारी 1960 ला कॉलेजातली चार काळी मुलं वूलवर्थ नावाच्या दुकानात गेली. तिथं त्यांना सामान विकत मिळे, पण खाण्याच्या काउंटरवर बसायला मनाई. ती बसली, कॉफी मागितली, आणि दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, मग गावोगावी हेच सुरू झालं.

"मग वाढलं का त्यास्नी?" मावशीनं विचारलं.

वाढलं, पण जुलै अखेर उजाडली. तेही आधी त्याच दुकानातल्या काळ्या नोकरांना. मावशी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "रांधणारी तीच असतील की."

अमेरिकेत गावोगावी अशा बसलेल्या पोरांच्या अंगावर शिव्या आल्या, सॉस ओतले गेले, तुरुंग आला. त्यांची छायाचित्रं जगानं पाहिली. आमच्याकडच्या पोरांसमोर स्वतःची आई उभी होती आणि पाहायला कुणी नव्हतं. दोन्ही धैर्यांची तुलना मला करायची नाही. पण रयतेच्या इतिहासात अण्णांचे पुतळे आणि संस्थेच्या शाखा ठळक दिसतात, आणि पडवीत जेवलेली पोरं दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. अण्णांनी पंगत मांडली. तिच्यात बसून घरी खरं सांगणं हे मुलांनी केलं.

चाळीसच्या दशकात बोर्डिंगात राहिलेले कुणी आज कऱ्हाड, कोरेगाव, तासगाव, वाळवा भागात असतील तर ते नव्वदीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असणार. नातवंडांनी त्यांच्यापाशी आत्ताच बसायला हवं. अण्णांची आठवण सांगा म्हटलं तर ते भाषण ऐकवतील. त्याऐवजी विचारावं: पहिल्या सुट्टीत घरी गेलात तेव्हा ताट कुठं मांडलं होतं? आणि शेजारी बसणारा मुलगा कुठल्या गावचा, त्याच्या घरी कोण असतं?