धूर की धुकं? हेडफोनच्या जॅकचा छोटासा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हेडफोनशी काय काम? काम आहे, आणि ते व्याख्यान संपेपर्यंत तुमच्याही लक्षात येईल अशी आशा करतो.

आधी तक्रार काय आहे ती नीट मांडू. फोनला काहीही जोडलेलं नाही. तरी पडद्यावर वरच्या बाजूला हेडफोनचं चिन्ह दिसतं. गाणं लावलं तर आवाज नाही. कॉल घेतला तर पलीकडचा माणूस बोलतोय, पण आपल्याला ऐकू येत नाही. फोनची ठाम समजूत झालेली असते की हेडफोन लावलेला आहे, आणि सगळा आवाज तो नसलेल्या हेडफोनकडे पाठवत राहतो. कधी याच्या उलट होतं. पिन घट्ट बसवली आहे, आणि तरी आवाज स्पीकरमधून साऱ्या बसला ऐकू जातो.

दुसऱ्या प्रकारात फजिती होते. पहिला प्रकार मात्र गंभीर आहे. माझ्या परिचयातल्या ८२ वर्षांच्या एका बाईंनी जवळजवळ महिनाभर परदेशातल्या मुलाचे फोन घेणं टाळलं. त्यांना वाटलं, आपले कान गेले. फोन चुकतोय असा संशयसुद्धा त्यांना आला नाही. शेवटी फोन दुकानात नेला, तर तिथं सांगितलं की बोर्ड गेलाय, नवीनच घ्या. बिघाड एवढासा, पण त्याचा दोष माणसाने स्वतःकडे घेतला. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आता मूळ प्रश्न. फोनला डोळे नाहीत. मग पिन आत आहे की नाही, हे त्याला कळतं कसं? याचं उत्तर शोधायला आपल्याला सुमारे दीडशे वर्षं मागं जावं लागेल, अमेरिकेत.

२८ जानेवारी १८७८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक होते २१. पुढे ग्राहक वाढले तशी दोन तारा चटकन जोडायची आणि चटकन सोडवायची सोय लागली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या चार्ल्स स्क्रिब्नर यांनी त्यासाठी जो खटका बनवला तो मिटत्या चाकूसारखा दिसायचा. मिटता चाकू म्हणजे इंग्रजीत जॅकनाइफ, म्हणून त्याचं नाव 'जॅकनाइफ स्विच'. पुढे त्यातला चाकू गळाला आणि 'जॅक' तेवढा उरला. आपण आज बोलतो तो हाच जॅक. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथेही एक्स्चेंज सुरू झाली. स्विचबोर्डवरची पिन पाव इंच जाडीची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. गिटारच्या अॅम्प्लिफायरला आजही तीच लागते.

त्या काळची एक गोष्ट मला फार आवडते. मोठ्या एक्स्चेंजमध्ये एकाच ग्राहकाचा जॅक अनेक ऑपरेटरांपुढे असायचा. मग समोरची लाइन दुसरीकडे कुणी वापरतंय का, हे कसं ओळखायचं? ऑपरेटर बाई पिनेचं टोक जॅकच्या बाहेरच्या कड्याला हलकेच टेकवायच्या. कानात 'टक्' असा आवाज आला, की लाइन गुंतलेली आहे. म्हणजे खूण विजेची होती, पण ती ऐकून निर्णय घ्यायचं काम माणसाचं होतं. शंका आली तर बाई पुन्हा टेकवून बघायच्या. हे 'पुन्हा टेकवून बघणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा टप्पा ट्रान्झिस्टर रेडिओचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पिन लहान झाली, ३.५ मिलिमीटरची. रेडिओच्या जॅकमध्ये एक लवचीक पत्ती असे. पिन नसताना ती पत्ती स्पीकरच्या तारेला टेकलेली. पिन आत गेली की ती पत्तीला बाजूला ढकलायची, स्पीकर तुटायचा, आवाज कानात यायचा. यात कुणी काही ओळखलं का? नाही. पिनेनेच काम केलं. दाराला माणसाने ढकललं आणि दार उघडलं, इतकं ते सरळ होतं.

बिघाड तेव्हाही व्हायचा, बरं का. पत्तीवर गंज चढला किंवा तिचा ताण गेला, की पिन काढल्यावरही रेडिओचा स्पीकर मुका राहायचा. म्हणजे आपला आजचा आजार नवा नाही. पण तेव्हा उपायही समोरच असायचा. पिन पाच-सहा वेळा आतबाहेर करायची, पत्तीवरचा गंज खरवडला जायचा, आणि रेडिओ बोलायला लागायचा.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. त्याला हेडफोनसाठी दोन जॅक होते आणि स्पीकर नव्हताच. आवाज कुठे पाठवायचा हा प्रश्नच नसल्यामुळे चुकायची सोयही नव्हती.

चौथा टप्पा मोबाइलचा, आणि इथे सगळं बदललं. मोबाइलला ऐकायचंही होतं आणि बोलायचंही. म्हणून पिनेवर तीनऐवजी चार पट्टे आले: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि मायक्रोफोन. शिवाय वायरीवर बटणं आली. आणि फोनने पत्तीचा अर्थच बदलला. पूर्वी पत्ती स्वतः स्पीकर तोडायची. आता ती फक्त बातमी देते, आणि निर्णय आत बसलेली चिप घेते.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. अनेक फोनांच्या जॅकमध्ये एक जादा पत्ती असते. फोन तिच्यावर सतत थोडं व्होल्टेज ठेवतो. पिन आत आली की ही पत्ती पिनेच्या टोकाला टेकते. टोकामागे इअरफोनचं तारेचं वेटोळं असतं, त्याचा रोध बहुधा १६ किंवा ३२ ओहम. एवढ्या सोप्या वाटेने वीज ग्राउंडकडे निघून जाते आणि पत्तीवरचं व्होल्टेज खाली येतं. व्होल्टेज खाली आलं, त्याअर्थी पिन आली. हा झाला पहिला निष्कर्ष.

मग फोन दुसरा प्रश्न विचारतो: मायक्रोफोन आहे का? त्यासाठी तो मायक्रोफोनच्या पट्ट्यावरचा रोध मोजतो. अँड्रॉइड फोनांसाठी गूगलने जे प्रमाण ठरवलंय त्यात मायक्रोफोनचा रोध १००० ओहम किंवा जास्त असावा लागतो. सुरू-बंद करायच्या बटणाचा ० ओहम, आवाज वाढवायचा २४०, कमी करायचा ४७०, आणि बोलून आज्ञा द्यायच्या बटणाचा १३५. म्हणजे फोनच्या लेखी तुमचं बोट म्हणजे एक आकडा आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. 'व्होल्टेज खाली आलं, त्याअर्थी पिन आली', हे वाक्य आमच्या न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच ओळखीचं वाटेल. डोंगरावर धूर दिसतोय, त्याअर्थी तिथं अग्नी आहे, जसं स्वयंपाकघरात. हे अनुमान आहे. अग्नी दिसलेला नाही, धूर दिसलाय. तसंच फोनला पिन दिसलेली नाही, व्होल्टेज दिसलंय. स्विचबोर्डवर ऑपरेटर बाई अनुमान करायच्या, रेडिओने ते करायची गरजच ठेवली नाही, आणि स्मार्टफोनने अनुमान माणसाकडून काढून स्वतःकडे घेतलं. माझ्या मते जॅकच्या इतिहासातली खरी घडामोड ही आहे.

आणि अनुमान आलं की चूकही आली. आमच्या जुन्या पंडितांनी हे फार बारकाईनं पाहिलंय. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात लांबून काहीतरी बघणारा माणूस येतो, त्याला ठरवता येत नाही की हा धूर आहे की धूळ. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती न्यायबिंदूत सांगतो, की दिसतंय ते धूर आहे की बाष्प याचीच शंका असेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध करता येणार नाही. आधी शंका मिटवा, मग निष्कर्ष काढा.

फोनची अडचण नेमकी इथे आहे. गौतमाच्या सोळा पदार्थांत 'संशय' हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. फोनच्या यादीत तो नाही. व्होल्टेज ठरलेल्या रेषेच्या वर तरी आहे, नाहीतर खाली तरी. 'मला नक्की सांगता येत नाही, तुम्हीच बघा' असं म्हणायची सोय त्याला दिलेली नाही. आणि गंमत बघा, त्याला फसवणारी गोष्ट अनेकदा खरोखरच बाष्प असते! पावसाळ्यातली ओल, शर्टाच्या खिशातला घाम.

मग दुरुस्ती कशी करायची? चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखून. तीन जाती सांगतो.

पहिली जात स्मृतीची. पिन काढली, व्होल्टेजही पूर्ववत झालं, पण फोनच्या प्रणालीत जुनीच नोंद अडकून राहिली. नैयायिक स्मृतीला प्रमेत धरत नाहीत, कारण ती आत्ताचं काही सांगत नाही. यावर उपाय सोपा. पिन पूर्ण आत घालून बाहेर काढा, चार-पाच वेळा. म्हणजे ऑपरेटर बाईंसारखं पुन्हा टेकवून बघा. मग फोन बंद करून चालू करा. ब्लूटूथही बंद करून बघा, कारण कधी कधी आवाज शेजारच्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरकडे जात असतो आणि आपण उगाच जॅकला दोष देतो.

दुसरी जात सव्यभिचाराची. खूण खरी आहे, व्होल्टेज खरोखरच खाली आलंय, पण पिनेमुळे नाही. ओलाव्यामुळे, घामातल्या मिठामुळे किंवा आत दाबल्या गेलेल्या धाग्या-धुळीच्या ओलसर बोळ्यामुळे. यात कधी भुताटकीसारखे प्रकार घडतात: गाणं आपोआप सुरू होतं, आवाज आपोआप कमी होतो. ओलाव्याचा रोध एखाद्या बटणाच्या आकड्याशी जुळला, की फोनला वाटतं तुम्ही बटण दाबलं. उपाय स्वच्छतेचा. फोन बंद करा. टॉर्चने आत बघा. लाकडी टूथपिकने कचरा अलगद बाहेर ओढा, आत ढकलू नका. मग कोरडा मऊ ब्रश फिरवा. चिकटपणा असेल तर ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत फोन चालू करू नका. सुई, टाचणी, हेअरपिन आत घालू नका. पत्ती वाकली की साधा आजार कायमचा होतो. आणि फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्यातही अर्थ नाही. तांदळाची पूड मात्र आत जाते. मोकळ्या हवेत, पंख्यासमोर ठेवा.

तिसरी जात इंद्रियदोषाची. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हा आमच्याकडचा जुना दाखला. तिथं शंख घासून उपयोग नाही, डोळ्यावर उपचार हवा. तसं पत्तीच वाकलेली किंवा गंजलेली असेल तर जॅक बदलावा लागतो. अनेक फोनांत जॅक वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो, तेवढीच बदलता येते. काहींत तो मुख्य बोर्डावर डाखलेला असतो, तिथं काम जास्त. म्हणून दुकानात गेल्यावर विचारा: जॅक सुटा आहे का? साफ करून पाहिलात का? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय नव्या फोनचे पैसे देऊ नका.

आणि दुरुस्ती होईपर्यंत? कॉल चालू असताना स्पीकरचं बटण दाबा. तेवढ्यापुरता फोन आपलं मत बाजूला ठेवून तुमचं ऐकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एक बटण आवर्जून दाखवून ठेवा.

कुणी म्हणेल, आता जॅक राहिलाय कुठे? खरं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आयफोन ७ मधून ॲपलने तो काढला, आणि पुढे इतरही अनेकांनी. पण प्रश्न गेला नाही, शेजारच्या भोकात राहायला गेला. यूएसबी-सी मध्येही दोन छोट्या संपर्कांवरचे रोध बघून फोन ठरवतो, की हा चार्जर आहे की इअरफोनची जोडणी. तिथंही ओलावा शिरतो. फरक इतकाच, की आता काही फोन 'आत ओलावा आहे' अशी सूचना देतात. मला यात प्रगती दिसते. यंत्र थोडंसं संशय घ्यायला शिकलं.

जाता जाता एवढंच म्हणतो. यंत्रांनी आपल्यासाठी अनुमानं करावीत, याला माझा विरोध नाही. दर वेळी खटका फिरवत बसायला कुणाला आवडेल? पण ज्याला संशय घेता येत नाही त्याच्या हाती शेवटचा शब्द देऊ नये. 'हेडफोन नाही, माझं ऐक' असं सांगणारी एक सोय प्रत्येक फोनमध्ये सहज सापडेल अशी असायला हवी. ती येईपर्यंत, फोनमधून आवाज आला नाही तर आधी जॅकमध्ये टॉर्च मारा. कानांच्या डॉक्टरांकडे नंतर जाऊ.

आता प्रश्न असतील तर विचारा.