जागा बदलली, निकाल बदलला : स्वस्त स्टुडिओ मॉनिटर मोजण्याचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी मी एका मित्राला चुकीचा सल्ला दिला. तो इथेच ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो आणि झाडीपट्टीच्या नाटकांसाठी गाणी घरीच रेकॉर्ड करतो. त्याला स्टुडिओ मॉनिटर घ्यायचे होते आणि बजेट बेताचं होतं. दोन मॉडेलं त्याने ओळखीच्यांकडून दोन दिवसांसाठी आणली आणि मला म्हणाला, "भाऊ, तू सायन्सवाला आहेस ना, तूच मोजून सांग कुठला घेऊ."

मी मोजलं. टेबलावर दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवले, समोर मेजरमेंट माइक, लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर. एकाच्या आलेखात 100 हर्ट्झच्या आसपास चांगलाच फुगवटा दिसला, दुसऱ्याचा आलेख त्या मानाने सपाट. मी छातीठोकपणे सांगितलं, "हा बास वाढवून सांगतो, दुसरा घे." त्याने घेतला. काही महिन्यांनी पहिला स्पीकर पुन्हा हाती आला, तेव्हा सहज दोघांच्या जागा बदलून मोजलं. आता फुगवटा दुसऱ्याच्या आलेखात होता! म्हणजे तो स्पीकरचा नव्हताच. तो खोलीच्या कोपऱ्याचा होता.

या ब्लॉगवरचे बरेच वाचक पेट-नेटची तयारी करतायत, त्यांच्यासाठी हा किस्सा सांगतोय. माझं उपकरण बरोबर होतं, आकडे खरे होते, तरी तुलना खोटी होती. आणि गंमत म्हणजे स्पीकर मोजण्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे हीच चूक टप्प्याटप्प्याने दुरुस्त करण्याचा इतिहास आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. स्टुडिओ मॉनिटर हा गाणं गोड वाजवण्यासाठी नसतो, तो तपासण्यासाठी असतो. तो बास जास्त दाखवत असेल, तर मिक्स करणारा बास कमी करून ठेवतो आणि तेच गाणं बाहेर कुठेही पोकळ वाजतं. म्हणजे मॉनिटर हे एक मोजमापाचं साधनच झालं. मग साधनाचं कॅलिब्रेशन कोण करणार?

स्पीकर आणि खोली वेगळी करण्याची धडपड

आज आपण वापरतो तशा कोनवाल्या स्पीकरचा पाया 1925 मध्ये घातला गेला. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी भोंगा नसलेल्या स्पीकरवरचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. मोजायला लागणारा भरवशाचा माइक त्याआधीच आला होता : ई. सी. वेंट यांचा कंडेन्सर माइक, 1917 चा. म्हणजे स्पीकर होता, माइकही होता. अडचण होती ती या दोघांच्या भोवतालची.

बंद खोलीत माइकपर्यंत फक्त स्पीकरचा आवाज येत नाही. भिंती, छत, जमीन यांवरून परतलेला आवाजही त्यात मिसळतो. बारा फूट लांब खोली घ्या, म्हणजे साधारण 3.66 मीटर. त्या लांबीत आवाजाची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते ती 47 हर्ट्झच्या सुमाराला. तिथे खोली स्वतःच घुमते, स्पीकर कुठल्याही कंपनीचा असो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की आवाजाचा वेग सेकंदाला 346 वरून 358 मीटरच्या आसपास जातो आणि तोच घुमारा 49 हर्ट्झकडे सरकतो. म्हणजे डिसेंबरचा आलेख आणि मेचा आलेखसुद्धा बिनदिक्कत शेजारी ठेवता येत नाहीत.

यावर पहिला उपाय म्हणजे उघड्यावर जाऊन मोजणं. दुसरा, पडसादच न उठणारी खोली बांधणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठात लिओ बेरानेक यांच्या देखरेखीखाली अशी मोठी खोली उभी राहिली. आतून सगळीकडे आवाज शोषणाऱ्या पाचरी. 'अ‍ॅनेकोइक चेंबर' हे नाव रूढ झालं तेही बेरानेक यांच्यामुळेच. पण अशी खोली बांधणं हे मोठ्या संस्थेचंच काम, सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचं.

म्हणून पुढची पिढी डोकं लढवत राहिली. 1967 मध्ये रिचर्ड हेझर यांनी थेट आलेला आवाज आणि उशिरा आलेला पडसाद वेगळे करायची पद्धत मांडली. 1974 मध्ये डी. बी. कील यांनी दाखवलं, की माइक कोनच्या अगदी जवळ नेला तर खालच्या फ्रीक्वेन्सीला खोलीचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. 1977 मध्ये बर्मन आणि फिंचम यांनी संगणकाच्या मदतीने स्पीकरला क्षणिक पल्स देऊन मोजमाप केलं. पडसाद यायच्या आत नोंद कापायची, बस्स. 1982 मध्ये मार्क गँडर यांनी आणखी सोपी वाट सांगितली : स्पीकर आणि माइक दोन्ही मोकळ्या, कडक जमिनीवरच ठेवा. मग जमिनीवरचा पडसाद थेट आवाजाबरोबरच पोचतो, पातळी 6 डेसिबलने वाढते, पण आलेख बिघडत नाही.

पल्सच्या पद्धतीची मर्यादा हिशेबानेच समजून घ्या. स्पीकर आणि माइक जमिनीपासून 1.2 मीटर उंच, दोघांत 1 मीटर अंतर. जमिनीवरून येणारा आवाज 2.6 मीटर चालतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा 1.6 मीटर जास्त. त्याला साधारण 4.6 मिलिसेकंद उशीर होतो. एवढ्या वेळेत मावणारं सगळ्यात लांब आवर्तन 216 हर्ट्झच्या आसपासचं. त्याखालचं काहीही या नोंदीतून खात्रीने सांगता येत नाही. आणि मी तर 100 हर्ट्झबद्दल निकाल दिला होता, तोही नोंद न कापता!

एक आलेख पुरत नाही

हे सगळं जमल्यावरही एक प्रश्न उरलाच. मोजता येतं, पण नेमकं काय मोजायचं?

दोन प्रसिद्ध लहान मॉनिटर बघा. पहिला बीबीसीचा एलएस3/5ए. ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मोठा स्पीकर मावत नाही, म्हणून बीबीसीच्या संशोधन विभागाने तो 1970 च्या दशकात तयार केला आणि 1976 मध्ये त्याचा अहवाल काढला. माणसाचा आवाज माणसासारखा वाजतो का, हे पाहण्यावर बीबीसीच्या इंजिनिअर मंडळींचा भर असायचा. दुसरा यामाहाचा एनएस-10. तो 1978 मध्ये आला घरगुती वापरासाठी, पण जगभरच्या स्टुडिओत जाऊन बसला. त्याचा आलेख अजिबात सपाट नाही, मधल्या पट्ट्यात ठळक उंचवटा आहे. ट्वीटर टोचतो म्हणून लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. तरी तो इतका का वापरला गेला? 2001 मध्ये न्यूवेल, हॉलंड आणि न्यूवेल यांनी तीसहून जास्त मॉनिटरांशी तुलना करून त्याचं एक उत्तर दिलं : त्याच्या बंद पेटीमुळे खालच्या पट्ट्यातला आवाज फार लवकर थांबतो. म्हणजे त्याचा गुण साध्या फ्रीक्वेन्सीच्या आलेखात नव्हता, तो काळाच्या अक्षावर होता.

संशोधन करणाऱ्याला इथे दोन मोह होतात. एक, "लोक वापरतात म्हणजे चांगलंच असणार." दुसरा, "आलेख वाकडा म्हणजे वाईटच." दोन्ही घाईचे.

पडदा

या गोंधळात शिस्त आणली ती कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या फ्लॉइड टूल यांनी. त्यांनी स्पीकरसमोर पडदा लावला, सगळ्यांची पातळी सारखी केली आणि लोकांना गुण द्यायला सांगितलं. पातळी सारखी करणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं, की आवाज मोठा झाला की कानाला बास तुलनेने जास्त ऐकू येतो. म्हणजे जो स्पीकर जरा मोठ्याने वाजतो तो उगाचच 'भरदार' वाटतो.

टूल यांचे निबंध 1985 आणि 1986 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आले. निष्कर्ष असा, की पडद्यामागे श्रोत्यांची मतं बऱ्यापैकी जुळतात. "ज्याची त्याची आवड" हे आपण समजतो तेवढं खरं नाही. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती त्यांचे गुण मात्र प्रत्येक वेळी बदलत होते. म्हणजे टूल यांनी स्पीकरबरोबर श्रोताही मोजला. मला या सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा धडा वाटतो.

1994 मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीच्या 40 कर्मचाऱ्यांवर तोच प्रयोग दोनदा केला, एकदा पडद्यासह आणि एकदा पडद्याविना. चार स्पीकरांत एक लहान, स्वस्त संच होता. पडद्यामागे त्याला बरे गुण मिळाले. दिसू लागल्यावर ते घसरले आणि मोठे, देखणे स्पीकर वर गेले. आणखी एक गोष्ट घडली : डोळ्यांनी दिसत असताना जागा किंवा गाणं बदललं तरी लोकांचे गुण फारसे हलले नाहीत. डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता, कान नुसते सही करत होते. पुढे हर्मनने स्पीकर पडद्यामागे आपोआप एकाच जागी आणणारं यंत्रही बसवलं. का, ते माझा कोपऱ्याचा किस्सा वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

2004 मध्ये ऑलिव्ह यांनी 70 स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला. त्या संचात अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध 0.86 आला. त्यासाठी समोरचा एक आलेख पुरला नाही. आडवं आणि उभं, दर 10 अंशांनी स्पीकरभोवती फिरून 70 आलेख घ्यावे लागतात, कारण खोलीत आपण बाजूने निघून भिंतीवरून आलेला आवाजही ऐकतो. हीच पद्धत 2013 मध्ये सीईए-2034 या मानकात आली.

याचा फायदा स्वस्त मॉनिटरांना झाला. काय मोजायचं ते कळलं की काय सुधारायचं तेही कळतं, आणि ट्वीटरभोवतीच्या प्लास्टिकच्या खोलगट भागाला नीट आकार देण्याचा खर्च फार नसतो. जेबीएलने आपल्या महागड्या एम2 साठी केलेल्या कामातला तो आकार 2013-14 च्या सुमाराला एलएसआर305 सारख्या स्वस्त मॉनिटरमध्ये उतरवला. अँजेलो फरिना यांनी 2000 मध्ये मांडलेली स्वीपची पद्धत आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते. एके काळी जे मोठ्या प्रयोगशाळेतच जमायचं, त्यातलं बरंच काही आता आपल्या लॅपटॉपवर होतं.

पुन्हा मोजणी

सल्ला चुकला म्हणून मी पुन्हा मोजायचं ठरवलं. डिसेंबरची सकाळ, सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट, गँडर यांची जमिनीवरची पद्धत. रात्री शांतता जास्त असते, पण दहा ते सहा निवासी भागात मर्यादा 45 डेसिबल, शिवाय शेजारीही झोपलेले. म्हणून सहानंतर. पार्श्वभूमीचा आवाज आधी नोंदवला. वीज केंद्राच्या गावात 100 हर्ट्झला ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असू शकते, कारण त्याचा गाभा 50 हर्ट्झच्या दुप्पट वेगाने थरथरतो. दोन्ही स्पीकर आळीपाळीने खडूने आखलेल्या त्याच चौकोनात ठेवले.

बासमध्ये दोघांत एक-दोन डेसिबलचाच फरक निघाला. खरा फरक बाजूने मोजल्यावर दिसला : मी नाकारलेल्या मॉडेलचा बाजूचा आवाज जास्त सलग होता, मित्राने घेतलेल्यात वूफर आणि ट्वीटरच्या सांध्यापाशी खड्डा होता.

मग घरी चादरीचा पडदा. पातळी सारखी, एकच जागा, स्पीकर बदलायला तिसरा माणूस. दहा वेळा ऐकून मित्राने सात वेळा मी नाकारलेला निवडला. मी लगेच "बघ!" म्हणणार होतो. पण हिशेब केला. नुसतं नाणं उडवलं तरी दहात सात किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता 1024 पैकी 176, म्हणजे सुमारे 17 टक्के. नऊ किंवा जास्तची फक्त 1 टक्का. सातवर काही सिद्ध होत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मी त्याला एवढंच सांगितलं : पहिला सल्ला चूक होता. बाजूच्या मोजमापात दुसरं मॉडेल सरस आहे, पण तुला ते ऐकू येतं का हे दहा वेळांत ठरलेलं नाही. आहे तोच ठेव आणि टेबल कोपऱ्यातून बाहेर काढ. टेबल दोन फूट सरकवल्यावर जो फरक पडला, तो पडद्याशिवायही ऐकू आला.

त्याने विचारलं, "मग आधी एवढं ठामपणे का बोलला होतास?" मी म्हटलं, आलेख छान दिसत होता म्हणून.

तुमच्या संशोधनात स्पीकर नसतील. सेन्सर असतील, पिकं असतील, विद्यार्थ्यांचे गुण असतील. दोन गोष्टींची तुलना लिहायला बसाल तेव्हा आधी त्यांच्या जागा बदलून बघा. फरक वस्तूबरोबर सरकला, तर तो वस्तूचा. जागेवरच राहिला, तर प्रबंधात जायच्या आधी सापडला म्हणून आनंद माना.