चुलीपासून खिडकीपर्यंत

थंड प्रदेशांतील घराचा इतिहास हा बऱ्याच अंशी चुलीचा इतिहास आहे. फ्रेंच भाषेत 'फ्वाये' हा एकच शब्द चूल आणि घर या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. नव्या घरात राहायला गेल्यावर दिल्या जाणाऱ्या मेजवानीला त्या भाषेत 'आकडा टांगणे' म्हणतात, आणि हा आकडा म्हणजे चुलीवर हंडा अडकवण्याची लोखंडी दातेरी पट्टी होय. इंग्लंडमध्ये १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत घरांवर नवा कर बसवला गेला तेव्हा मोजदाद झाली ती चुलींची, आणि दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग आकारले जाऊ लागले. मोजणीसाठी सरकारी माणसे थेट घरात शिरत असल्याने हा कर लोकांना इतका जाचक वाटला की १६८९ मध्ये तो रद्द करावा लागला. मराठीतही भाऊ विभक्त झाले की चुली वेगळ्या झाल्या असे म्हणतात, आणि नव्या घरात पाऊल ठेवल्यावर चुलीवर दूध उतू जाऊ देण्याची रीत गॅसच्या शेगडीवरही टिकून आहे. मात्र महाराष्ट्रात चूल ही मुख्यतः अन्नाची खूण आहे, तर उत्तर युरोपात ती अन्नाइतकीच उबेची, म्हणजे हिवाळा निभावून नेण्याची, खूण होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जवळजवळ कोणत्याही भट्टीवाचून उबदार राहणारी घरे उभी राहू लागली, तेव्हा घरात माणसे कुठे बसतात, खिडकी केव्हा उघडतात आणि नव्या घरात रुळायला त्यांना किती काळ लागतो, हे सारेच बदलले.

चुलीच्या जमान्यात ऊब ही एका खोलीपुरती असे. जर्मनीत कौले जडवलेली मातीची मोठी भट्टी दिवाणखान्याच्या मध्यावर नाहीतर आतल्या भिंतीला टेकून बांधलेली असे, तिच्याभोवती बाक असे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची जागा तिथेच ठरलेली असे. झोपायच्या खोल्या मात्र गारठलेल्या असत आणि कडक थंडीच्या सकाळी तिथल्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटलेली दिसे. खिडकी हा घराचा सर्वांत थंड भाग असल्याने हिवाळ्याच्या तोंडावर तिच्यावर दुसरी जोड-खिडकी बसवण्याची प्रथा होती. पुढे एकाच बॉयलरमधून गरम पाणी घरभर खेळवण्याची सोय आली आणि रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरणारी लोखंडी पेटी, प्रत्येक खोलीत पोहोचली. पण ती बसवली जाई ती हटकून खिडकीच्या खाली. याचे कारण असे की थंड काचेला लागलेली हवा जड होऊन खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि बसलेल्या माणसाच्या पायांना गार झुळूक लागते. ती झुळूक उठण्याआधीच तापवून टाकावी, एवढ्यासाठी रेडिएटरची जागा तिथे ठरली. म्हणजे घराचा सर्वांत कच्चा भाग सुधारण्याऐवजी त्याच्याशी अखंड झुंजत राहण्यासाठी इंधन जाळले जात होते, आणि इंधन स्वस्त होते तोवर त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. पश्चिम जर्मनीत त्या वर्षीच्या हिवाळ्यात चार रविवारी रस्त्यावर मोटारी आणण्यास मनाई करण्यात आली. घरे तापवण्यासाठी किती तेल लागते याचा हिशेब तेव्हा प्रथमच गांभीर्याने मांडला गेला. तो हिशेब समजून घेण्यासाठी विजेच्या बिलावरचे 'युनिट', म्हणजे एक किलोवॅट-तास, हेच माप पुरेसे आहे: एक लिटर तेलात साधारण १० युनिट उष्णता असते, आणि जर्मनीतील जुन्या घराला दर चौरस मीटरमागे वर्षाला २०० युनिट किंवा त्याहूनही जास्त उष्णता लागत असे. दीडशे चौरस मीटरच्या घरासाठी याचा अर्थ दरवर्षी तीन हजार लिटर तेल असा होतो.

या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग पुढे आले, आणि त्यांतील फरक पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. पहिला मार्ग यंत्राचा होता. डेन्मार्कमधील ल्युंगब्यू येथे तंत्रविद्यापीठात वाग्न कोर्सगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास जे 'शून्य-ऊर्जा घर' उभारले, त्यात भिंती जाड होत्याच, पण मुख्य भर होता तो उन्हाने पाणी तापवणाऱ्या पट्ट्यांवर आणि ते गरम पाणी हिवाळ्यापर्यंत साठवणाऱ्या प्रचंड टाकीवर. दुसरा मार्ग गोधडीचा होता: उष्णता मिळवत बसण्यापेक्षा असलेली जाऊ न देणे. या मार्गाचे सर्वांत ठळक उदाहरण कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील रिजायना शहरात १९७७ साली बांधले गेले. तिथे पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो आणि हिवाळ्यातला दिवस अगदी आखूड असतो. सौर घर बांधायचे म्हणून काम हाती घेतलेल्या हॅरॉल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामुळेच आधी सूर्याचा विचार बाजूला ठेवून भिंतीचा विचार केला. दुहेरी भिंत, तिच्यात नेहमीच्या कित्येक पट उष्णतारोधक भरण, आणि मुख्य म्हणजे फटी बुजवण्याचा जवळजवळ हट्टी आग्रह, हे त्या घराचे सामर्थ्य ठरले. सौर यंत्रणाही त्यात बसवली होती. पण ती महागडी आणि कटकटीची निघाली व पुढे काढून टाकण्यात आली, तर भिंती मात्र आपले काम मुकाट्याने करत राहिल्या. ल्युंगब्यू आणि रिजायना या दोन्ही प्रयोगांना सारखेच श्रेय देण्याची पद्धत आहे; परंतु राहण्याच्या दृष्टीने पाहता रिजायनाचा धडा अधिक मोलाचा आहे, कारण घरात राहणाऱ्या माणसाला भिंतीची देखभाल करावी लागत नाही.

या विचाराचा एक पूर्वज जमिनीवर नव्हे तर समुद्रात सापडतो. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्योफ नान्सेन याने १८९३ मध्ये उत्तर ध्रुवाकडील गोठत्या समुद्रात जाणीवपूर्वक अडकवलेले 'फ्राम' हे जहाज कॉलिन आर्चर याने बांधले होते. त्याच्या खोल्यांच्या भिंतींत नमदा, बूच आणि लाकडी फळ्या यांचे थरावर थर होते, छताच्या झरोक्याला एकात एक अशा तीन काचा होत्या आणि वायुवीजनाची नीट सोय केलेली होती. तेरा माणसांच्या त्या बिऱ्हाडाने ध्रुवीय हिवाळे आत उबेत काढले. जाड आवरण, तिहेरी काच आणि ताजी हवा ही तिन्ही सूत्रे तिथे एकत्र आली होती. तरीही घरबांधणीने त्यांची दखल घ्यायला जवळजवळ शंभर वर्षे लावली, ही गोष्ट खेदाचीच म्हटली पाहिजे.

ताज्या हवेचे सूत्र वगळले की काय होते, हे १९७० च्या दशकातील घाईने बंदिस्त केलेल्या घरांत दिसले. फटी बुजवल्या, पण हवा बाहेर जाण्याची दुसरी वाट ठेवली नाही. मग श्वासातली, स्वयंपाकातली आणि वाळत घातलेल्या कपड्यांतली वाफ आतच कोंडली, थंड कोपऱ्यांत ओल धरली आणि भिंतींवर बुरशी चढली. यावर रिजायनाच्या गटाने उष्णता-विनिमयकाचा उपाय केला. हे यंत्र समजायला अवघड नाही: बाहेर जाणारी उबदार शिळी हवा आणि आत येणारी थंड ताजी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी एकमेकींशेजारून जातात, त्या कधीही मिसळत नाहीत, पण जाणारीची ऊब येणारीला मिळते. फटी मोजण्यासाठी दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातल्या हवेचा दाब बदलायचा आणि धुराची रेघ कुठे वाकते ते पाहायचे, ही तपासणीही याच काळात रूढ झाली. पुढे १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि अनेक देशांतील उत्साह ओसरला. ज्ञान मात्र नाहीसे झाले नाही.

ते पुढे नेण्याचे काम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे बो अॅडम्सन यांनी केले. १९८८ च्या मे महिन्यात लुंड येथे झालेल्या त्यांच्या चर्चेतून 'पासिव्हहाउस' ही संकल्पना आकाराला आली. या शब्दाचा अर्थ निष्क्रिय घर असा नसून, ज्याला तापवण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही, असे घर असा आहे. हेसन राज्याच्या मदतीने डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन या भागात चार घरांची एक ओळ बांधली गेली आणि १९९१ च्या शरदात चार कुटुंबे तिथे राहायला आली. त्यांतील एक कुटुंब फाइस्ट यांचे स्वतःचे होते. आपल्या हिशेबाच्या भरवशावर स्वतःच्या मुलाबाळांसह हिवाळा काढायची तयारी दाखवणे, यात या प्रयोगाचे नैतिक वजन आहे.

या घरांच्या भिंतींना बाहेरून सुमारे २७ सेंटीमीटर जाडीचा थर्माकोलचा थर होता आणि गवत उगवलेल्या छताखाली सुमारे ४५ सेंटीमीटर खनिज लोकर भरलेली होती. खिडक्यांना तीन काचा होत्या, काचांच्या मधल्या पोकळीत उष्णता मंदपणे वाहू देणारा क्रिप्टॉन वायू होता, आणि लाकडी चौकटीतूनही ऊब निसटू नये म्हणून तिला फोमचे आवरण हाताने जोडलेले होते, कारण अशी चौकट तेव्हा बाजारात मिळतच नव्हती. हवेच्या यंत्रणेत बाहेर जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के परत मिळे. ताजी हवा झोपण्याबसण्याच्या खोल्यांत सोडली जाई आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरातून बाहेर ओढली जाई, त्यामुळे फोडणीचा वास पलंगापर्यंत पोहोचण्याआधीच त्याची वाट लागलेली असे. वर्षाकाठी लागणारी उष्णता दर चौरस मीटरला १० युनिटांच्या आसपास स्थिरावली. जुन्या घराच्या तुलनेत हा विसावा हिस्सा झाला.

ती लगेच स्थिरावली नाही, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या हिवाळ्यातील खर्च नंतरच्या वर्षांपेक्षा जास्त होता. कोणत्याही नव्या पक्क्या बांधकामात काँक्रीट आणि गिलाव्यात हजारो लिटर पाणी मुरलेले असते. ते सुकताना उष्णता खाते आणि आतली हवा दमट ठेवते, म्हणून नव्या घराचा पहिला हिवाळा नेहमीच महाग पडतो. मराठीत लोणचे मुरते तसे घरही मुरावे लागते, आणि त्याच्याबरोबर राहणारी माणसेही. रात्री रेडिएटर मंद करून सकाळी पुन्हा तापवण्याची जर्मन कुटुंबांची जुनी काटकसर या घरात निरर्थक ठरते, कारण रात्रभरात तापमान जेमतेम अंशभर उतरते. उलट बराच काळ रिकामे राहून गार झालेले घर पुन्हा उबदार व्हायला वेळ लागतो. कळ फिरवली की ऊब, ही सवय सोडावी लागते. वीस चौरस मीटरच्या खोलीला कडाक्याच्या थंडीतही सुमारे २०० वॅट उष्णता पुरते, आणि शांत बसलेले एक माणूस ८० ते १०० वॅट उष्णता सहज देत असते. म्हणजे दोन पाहुणे आले की खोली तापते, हे इथे शब्दशः खरे असते. हवेच्या यंत्राची गाळणी वर्षातून एकदोनदा बदलणे, हे इथले नवे घरकाम. खिडक्या उघडता येत नाहीत हा समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. त्या कधीही उघडता येतात, हिवाळ्यात फक्त उघडण्याची गरज उरत नाही.

उन्हाळ्यात तर त्या उघडाव्याच लागतात. जाड आवरणाचे घर एकदा तापले की निवायला उशीर करते, म्हणून दिवसा बाहेरचे पडदे ओढून ऊन अडवणे आणि रात्री खिडक्या उघडून गारवा भरून घेणे ही शिस्त रहिवाशांना अंगी बाणवावी लागली. विदर्भ-खानदेशातील जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरांत दहा वाजता कवाडे लोटून घेणारी आणि संध्याकाळी ती सताड उघडणारी पिढी हेच करत आली होती. मराठवाड्यातील मातीच्या माळवदाखालचे माजघर वैशाखात गार राहते तेही भिंत आणि छत उष्णतेला उशीर करायला लावतात म्हणूनच. उष्णता अडवण्याचा आणि उष्णता लांबवण्याचा हेतू वेगळा असला, तरी घराशी दिवसाच्या वेळेनुसार वागायचे, हे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

१९९६ मध्ये डार्मश्टाट येथे फाइस्ट यांची संस्था स्थापन झाली आणि वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिट ही तापनाची मर्यादा मानक म्हणून रूढ झाली. जवळच्या फ्रँकफुर्टने २००७ मध्ये शहराच्या स्वतःच्या नव्या इमारतींसाठी हे मानक स्वीकारले. हायडेलबर्गमध्ये जुन्या मालधक्क्याच्या जागेवर 'बानश्टाट' नावाची अख्खी वस्तीच या पद्धतीने बांधली गेली आणि २०१२ पासून तिथे लोक राहायला येऊ लागले. तरीही आजवरचे यश मुख्यतः नव्या बांधकामातले आहे. युरोपात पुढची कित्येक दशके बहुसंख्य लोक जुन्याच घरांत राहणार असल्याने, त्या घरांवर गोधडी कशी पांघरायची हा प्रश्न अधिक मोठा आणि अधिक अवघड आहे.

क्रानिखश्टाइनच्या घरांत रेडिएटर आहेत, पण ते लहान आहेत आणि खिडकीखाली नाहीत. बाहेर शून्याखाली दहा अंश असतानाही आतल्या काचेचे तापमान १७ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे गार झुळूक उठतच नाही आणि तिला अडवण्यासाठी तिथे काही ठेवावे लागत नाही. शतकानुशतके हिवाळ्यात जिच्याकडे पाठ फिरवून माणसे भट्टीजवळ सरकत, त्या खिडकीच्या उंबऱ्याशी आता खुर्ची टाकून जानेवारीच्या दुपारी वाचत बसता येते.