बर्फावरचे जोडे : आधी सांगा, चालायचं कुठं आहे?

आजचा भाग एका श्रोत्याच्या ईमेलमुळे झाला. हे गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, आता टोरांटोला असतात. सह्याद्रीत भरपूर भटकलेले. त्यांनी विचारलं, "हिवाळ्यात डोंगरात चालायला स्नोशू घ्यायचेत. दुकानात वीस प्रकार दिसतात. तुम्ही इतिहासवाले, तुम्हाला काय कळणार म्हणा, पण यात काही इतिहास असला तर सांगा."

आहे की. आणि गंमत म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

ज्यांनी स्नोशू पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. भुसभुशीत बर्फात साधा बूट घालून चाललं की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. चिखलणी केलेल्या खाचरात जातो ना, तसाच. बुटाखाली रुंद, जाळीदार चौकट बांधली की तेच वजन साधारण चौपट जागेवर पसरतं. पाय तरीही रुततो, पण वीतभरच. बस, एवढंच तत्त्व. फ्रेंच लोकांनी उत्तर अमेरिकेत ही वस्तू पाहिली तेव्हा त्यांना आपल्या खेळातली रॅकेट आठवली. १६०८ मध्ये क्वेबेक वसवणाऱ्या शाम्प्लेनने लिहून ठेवलंय की फ्रान्समधल्या रॅकेटच्या दुप्पट-तिप्पट मोठी अशी ही चीज इथले लोक पायाला बांधतात. फ्रेंचमध्ये आजही स्नोशूला 'राकेत'च म्हणतात, म्हणजे आपण बॅडमिंटन खेळतो तीच रॅकेट.

आता एक कबुली. मी स्वतः हे जोडे एकदाच वापरलेत. बहीण मॉन्ट्रियलला असते, तिच्याकडे फेब्रुवारीत गेलो होतो. उत्तरेकडच्या लॉरेंशियन डोंगरात आम्ही एका ठिकाणी भाड्याने स्नोशू घेतले. तिथल्या मुलाने वजन विचारलं. मी ऐटीत म्हटलं, सगळ्यात मोठे द्या. मोठं म्हणजे चांगलं, हा आपला हिशोब. वाट निघाली अरुंद, दोन्ही बाजूंना स्प्रूसची दाट झाडी, आणि आधी गेलेल्यांनी बर्फ चांगला तुडवून ठेवलेला. म्हणजे तरंगायची गरजच नव्हती. माझा डावा जोडा उजव्यावर पडायचा. एकदा मागे सरकायला गेलो तर शेपूट बर्फात रुतलं आणि मी पाठीवर. भाचा म्हणाला, "मामा, तू बदकासारखा चालतोयस." खोटं कशाला बोलू, तसाच चालत होतो.

त्या दिवशी संध्याकाळी गुडघ्याला शेक देत बसलो असताना वाचायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की असं फजित होणारा मी पहिला नाही, आणि बाकीच्यांना ते फार महागात पडलंय.

गोष्ट १६६६ सालची. फ्रान्सच्या राजाने आदल्या वर्षी कारिन्यां-सालिएर नावाची पलटण कॅनडात पाठवली होती, मोहॉक लोकांना धडा शिकवायला. गव्हर्नर कुर्सेल उतावळा माणूस. त्याने ऐन जानेवारीत मोहीम काढली. पाचशेच्या आसपास माणसं, त्यातली बरीचशी नुकतीच युरोपातून आलेली. त्यांनी आयुष्यात कधी स्नोशू बांधले नव्हते. वाट दाखवणारे अल्गोंक्विन वाटाडे वेळेवर आलेच नाहीत. कुर्सेल थांबला नाही. मग व्हायचं तेच झालं. फौज रस्ता चुकली आणि मोहॉक गावांऐवजी स्केनेक्टडी या डच वस्तीपाशी जाऊन पोहोचली. तिथे चकमकीत माणसं गेली. डच रहिवाशांकडून काही धान्य मिळालं आणि फौज परत फिरली. त्या परतीच्या वाटेवर कित्येक जण थंडीने आणि उपासमारीने मेले. शत्रूची गावं त्यांना दिसलीसुद्धा नाहीत.

इथे जरा थांबू या. अनभ्यस्त माणूस स्नोशू बांधून दिवसभर चालला की त्याच्या पायाच्या शिरा सुजतात. कारण तो प्रत्येक पावलाला सगळा जोडा वर उचलतो. फ्रेंच-कॅनेडियन प्रवाशांनी या दुखण्याला नावच ठेवलं होतं, 'माल द राकेत', म्हणजे स्नोशूचं दुखणं. सराव असलेला माणूस जोडा उचलत नाही. पायाची बोटं ज्या वादीवर टेकतात, तिच्या पुढे जाळीत एक भोक ठेवलेलं असतं. पाऊल पुढे टाकताना टाच मोकळी वर येते, बोटं त्या भोकात खाली जातात, जोड्याचं टोक वर होतं आणि शेपूट बर्फावरून नुसतं घसटत येतं. वजन पायावर येतच नाही म्हणा ना. पण हे शरीराला शिकवावं लागतं. कुर्सेलच्या शिपायांना तेवढा वेळच दिला गेला नाही.

यातून फ्रेंच शिकले, हे मान्य करायला हवं. पुढच्या पिढीत चित्र पालटलं. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे मॅसॅच्युसेट्समधल्या डीअरफील्ड गावावर फ्रेंच आणि त्यांचे अबेनाकी, मोहॉक, ह्युरॉन मित्र तुटून पडले. जवळजवळ पाचशे किलोमीटर बर्फातून चालून आले होते, स्नोशूंवर. गावाभोवती लाकडी तटबंदी होती, पण वाऱ्याने तिच्याशी बर्फाचा ढीग रचून ठेवला होता, त्यावरूनच ते आत उतरले. शंभरावर गावकऱ्यांना कैद करून उत्तरेकडे नेलं. इंग्रजांचे लोक मदतीला धावून आले खरे, पण बर्फ तीन फूट आणि स्नोशू नाहीत. पाठलाग करताच आला नाही. कैद्यांमध्ये बायका होत्या, लहान मुलं होती. त्यातली बरीच वाटेतच मेली किंवा मारली गेली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने सरहद्दीसाठी ५०० जोड स्नोशू घ्यायचा हुकूम काढला. वराती मागून घोडं म्हणतात ते हेच.

बरं, स्नोशू असले म्हणजे जिंकलोच असंही नाही. १३ मार्च १७५८ ला न्यूयॉर्कमधल्या लेक जॉर्जजवळ रॉबर्ट रॉजर्सची रेंजर तुकडी लढली. ही लढाई 'स्नोशूंवरची लढाई' म्हणूनच ओळखली जाते. साधारण १८० माणसं, बर्फ चार फूट, सगळ्यांच्या पायाला स्नोशू. वर्षभरापूर्वी त्याच भागात फ्रेंच गुडघाभर बर्फात अडकले होते आणि स्नोशूंवरच्या रेंजरांना त्याचा फायदा मिळाला होता. या वेळी मात्र समोरचेही स्नोशूंवर होते आणि संख्येने जास्त होते. रॉजर्सची दोन-तृतीयांश माणसं त्या दिवशी संपली. तो स्वतः वाचला. कड्याच्या टोकावर त्याने स्नोशू उलटे बांधले, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांना पाऊलखुणा उलट्या दिसाव्यात, आणि दुसऱ्या बाजूने उतरला, अशी दंतकथा आहे. कडा अजून रॉजर्सच्या नावाने ओळखला जातो. मला स्वतःला ती कथा पटत नाही. स्नोशू घालून साधं मागे सरकताना काय होतं ते मी अनुभवलंय.

आता मूळ मुद्दा. हे जोडे ज्यांनी घडवले त्यांच्याकडे एकच नमुना कधीच नव्हता. दाट झाडीत वळायला सोपा म्हणून आखूड, गोलसर, बिनशेपटीचा जोडा, त्याला 'अस्वलाचा पंजा' म्हणतात. मोकळ्या मैदानात, नद्यांच्या गोठलेल्या पात्रांवरून लांब जायचं तर पाच फूट लांब, अरुंद आणि पुढून वर वळलेला, म्हणजे टोक भुसभुशीत बर्फात घुसत नाही. ओजिब्वे लोकांचा जोडा दोन्हीकडे टोकदार. चढावर मात्र वर वळलेलं टोक अडचणीचं, तिथे सपाट टोक बरं, बर्फात लाथ मारून पायरी करता येते. जाळीतही फरक. उत्तरेच्या कोरड्या, पिठासारख्या बर्फासाठी बारीक वीण. ओलसर बर्फाच्या मुलखात मोठी वीण, नाहीतर जाळीवर गोळे साचतात.

चौकट पुष्कळदा ॲश लाकडाची, वाफ देऊन वाकवलेली. जाळी कच्च्या कातड्याच्या वादीची, उत्तरेत कॅरिबूच्या. चौकट बहुधा पुरुष वाकवत आणि जाळी बायका विणत. आपल्याकडे सुंभाची बाज विणलेली ज्यांनी पाहिलीय, त्यांना अंदाज येईल, फक्त ही वीण त्याहून कितीतरी बारीक. शिकार मिळणार की घर उपाशी राहणार, हे त्या विणीवर ठरायचं. पण मोहिमांच्या वर्णनांत सेनापतींची नावं मिळतात, विणणाऱ्या एकीचंही नाही.

आणि जिथे गरज नाही तिथे हे जोडे फारसे नाहीतच. आर्क्टिकच्या समुद्रकाठी वाऱ्याने बर्फ दगडासारखा घट्ट होतो. तिथल्या इन्युइटांचा भर कुत्र्यांच्या गाडीवर. जंगलातल्या क्री लोकांचं मात्र स्नोशूवाचून पानही हलत नसे.

या क्री लोकांकडून नीट शिकलेला एक युरोपीय म्हणजे जॉन रे. ऑर्कनी बेटांवरचा डॉक्टर, हडसन्स बे कंपनीच्या मूस फॅक्टरी ठाण्यावर दहा वर्षं होता. तिथल्या लोकांसारखं खायचं, त्यांच्यासारखं चालायचं. १८४४-४५ च्या हिवाळ्यात त्याने दोन महिन्यांत १२०० मैल स्नोशूंवर तोडले. इन्युइट त्याला 'लांब ढांगा टाकणारा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पुढे फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेची बातमी १८५४ मध्ये यानेच इन्युइटांकडून ऐकून लंडनला पोहोचवली. शेवटी शेवटी उपाशी खलाशांनी माणसाचं मांस खाल्लं, हेही सांगितलं. लंडनला ते रुचलं नाही. खुद्द डिकन्सने या साक्षीविरुद्ध लिहिलं. रेला 'सर' ही पदवी कधी मिळाली नाही.

त्याच काळात मॉन्ट्रियलमध्ये स्नोशू हा खेळ झाला. १८४० च्या दशकात क्लब निघाला, निळ्या लोकरी टोप्या, ब्लँकेटचे कोट, मशाली घेऊन माँ रॉयाल टेकडीवर रात्रीची फेरी. दिसायला फार सुंदर. पण शर्यतींमध्ये शेजारच्या काह्नवागेचे मोहॉक धावपटू वेगळे धावायचे, पैशांच्या बक्षिसासाठी. आणि पैसे घेतात म्हणून ते 'हौशी' नाहीत, असं म्हणून त्यांना इतर शर्यतींबाहेर ठेवलं गेलं. ज्यांच्याकडून चालायला शिकलात, त्यांनाच शर्यतीबाहेर काढलंत! वाचताना मला राग आला, तो अजून आहे.

आजचा ॲल्युमिनियमचा जोडा त्या मानाने पोरसवदा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जीन आणि बिल प्रेटर हे भाऊ कॅस्केड पर्वतांत चढायचे. तीव्र उतारांवर लाकडी जोडे घसरायचे. १९७० च्या दशकात त्यांनी आखूड धातूची चौकट, जाळीऐवजी रबरी कापड आणि पायाखाली दातेरी पंजा असा नमुना बाजारात रुळवला. म्हणजे त्यांनीही तेच केलं, आपल्या डोंगराला पाहिजे तसा जोडा बनवला.

तर सातारकर, तुमचं उत्तर. वजन सांगताना पाठीवरची सॅकही धरा. तुडवलेली वाट असेल तर लहान घ्या, ताज्या बर्फात वाट काढायची असेल तर मोठे. चढ-उतार असेल तर दाते चांगले हवेत, आणि टाचेखाली उभी करायची दांडी असेल तर चढावर पोटऱ्या वाचतात. उतरताना गुडघे सैल ठेवा. आडव्या उतारावर डोंगराकडची कड दाबून चाला. मागे सरकू नका, गोल वळा. पहिल्या दिवशी तासाभराच्या वर जाऊ नका, 'माल द राकेत' अजून आहे.

मी एवढं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "आम्ही दोघं जाणार. बायकोचं वजन पन्नास, माझं ब्याण्णव. दुकानदार म्हणतो एकसारखी जोडी घ्या, सूट मिळेल." मी कळवलं, सूट सोडा.