उपनगराची पालिका : कचरा आधी आला, मत नंतर

मुंबई महापालिकेचा इतिहास सांगायला बसले की फिरोजशहा मेहता, १८८८ चा कायदा, तानसा-वैतरणाचे पाणी, ती गॉथिक इमारत इथूनच सुरुवात होते. उपनगराची पाळी शेवटी, एका ओळीत: "१९५० साली उपनगरे समाविष्ट झाली." या एका ओळीवर आमचा आक्षेप आहे. उपनगर शहरात आले ते १९५० साली, पण शहराची घाण उपनगरात त्याच्या कितीतरी आधी पोहोचली होती.

साष्टीचा हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. वांद्रे, कुर्ला इथे स्वतंत्र नगरपालिका होत्या आणि मुंबई महापालिकेची हद्द माहीम-शीवपाशी संपत होती. तरीही देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे. म्हणजे ज्या जमिनीवर महापालिकेचा कारभार नव्हता, जिथला माणूस तिचा मतदार नव्हता, तिथे तिचा कचरा पडत होता. गावकुसाबाहेरची जागा कशासाठी राखलेली असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इथे फक्त गावाऐवजी शहर होते.

त्याच १९२७ सालची दुसरी गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण ती नगरपालिकेच्या बाजूने आपण क्वचित वाचतो. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्चला बाबासाहेबांनी तो ठराव पाण्यात उतरवून दाखवला, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो मागे घेतला. नगरपालिकेचा ठराव कागदावर असेपर्यंत कोणाला त्रास होत नाही, अंमल सुरू झाला की होतो. बाबासाहेबांनी १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला तो उगाच नव्हे. स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप लोकशाही, हा भाबडेपणा त्यांच्यात नव्हता.

आता मताचे बघू. १८७२ पासून महापालिकेत निवडून आलेले सभासद होते, पण निवडणारे कोण? करदाते. १९२२ साली महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यांपर्यंत मत आले. चाळीतल्या एका खोलीचे भाडे सहसा त्याहून कमीच असे. रस्ता झाडणारा, मैला वाहणारा माणूस या संस्थेचा नोकर होता, नागरिक नव्हता. बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच माणसांचा. प्रौढ मताधिकार आला १९४८ साली.

मग १५ एप्रिल १९५० ला हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. (उपनगर जिल्हा पुन्हा झाला १९९० मध्ये, पण तो महसुली कामापुरता.) कायदा तोच, १८८८ चा. त्यात कारभाराची सगळी सत्ता आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमणार सरकार. चेंबूर-गोवंडीचा नगरसेवक ओरडू शकतो, नळ देऊ शकत नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर प्रशासक बसला आणि कारभार वर्षानुवर्षे निवडणुकीविना चालला. ते जमले कारण कायद्याची घडणच तशी आहे.

हद्द वाढली तसे शहरातून हुसकावलेले लोक त्याच दिशेला ढकलले गेले. १९७६ साली जनता कॉलनी उठवून माणसे चीता कॅम्पला नेली. देवनार ज्या एम-पूर्व विभागात येतो, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत खाली होता. हा अहवाल खुद्द महापालिकेचा, विरोधकांचा नव्हे!

पाण्याचे तर विचारूच नका. १९९६ च्या सरकारी परिपत्रकाने १९९५ नंतरच्या झोपड्यांना नळ नाकारला. तळे गेले, पाइपलाइन आली, आणि जातीच्या जागी 'कट-ऑफ डेट' आली. ही तारीख सगळ्याच गरिबांना लागते, मान्य. पण झोपडपट्टीत बौद्ध, मातंग, मुसलमान, भटके यांचीच गर्दी का, हा प्रश्न तारखेत लपतो. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी पाणी जगण्याच्या हक्कात येते. चवदार तळ्याचा निकालही उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत रखडला होता.

आणि कचरा? तो उचलणाऱ्यांना कंत्राटदाराचे मजूर ठरवून महापालिकेने हात वर केले होते. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे लढला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. त्यानंतरही अनेकांना, नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकासारख्या कारणांवरून, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.